पासष्ट लिटर

समुद्र इथून चालत सात मिनिटांवर,
आणि मी मीठ विकत आणते.
चार किलोची पिशवी, वर प्रवाळाचं छापील चित्र.
धुरपदाबाई जिन्यात पाटी टेकवून विचारते,
"काय गो, दर्या आटला का आमचा?"

आटला नाही, मावशे.
तुझा दर्या रोज भेटतो मला बाटलीतून,
माहीमच्या खाडीतला, सकाळी दहाचा,
बर्फात ठेवून आणलेला.
प्रयोगशाळेत माझं टेबल खिडकीपासून तिसरं.
तीन दिवस ते पाणी अंधारात ठेवायचं,
मग मोजायचं, किती श्वास उरला.
मी आकडा लिहिते, साहेब सही करतात,
आकडा फायलीत जातो.
खाडी जागची हलत नाही.

घरी मात्र पासष्ट लिटर.
पहाटे पाणी आलं की फिल्टरची बारीक धार लावते.
एक बादली भरायला तीन बादल्या वाया,
त्यांत कपडे भिजतात, लादी पुसली जाते.
मग मीठ घालून ढवळत राहायचं
आमटीच्या जुन्या प्लॅस्टिकच्या पळीनं.
एक पॉइंट शून्य दोन पाच.
निळी रेघ तिथं टेकली
की माझा जीव भांड्यात पडतो.

गावी रांजणात तुरटी फिरवायचे,
आतून निवळीची बी घासायचे.
गढूळ तेवढं तळाला बसलं
की पाणी प्यायला मोकळे.
हे गढूळ बसत नाही, दिसतही नाही.
सहा आठवडे नुसते दगड होते टाकीत.
शेजारचे सामंत वाकून बघायचे,
"आहे तरी काय आत?"
येताहेत, म्हटलं, दगडात बिऱ्हाड करताहेत.
घाण खाऊन जगणारे,
डोळ्यांना न दिसणारे भाडेकरू.
ते नांदले, मगच मासे.

दोन मासे, नारिंगी. एक खेकडा, उसन्या शंखातला.
नखाएवढी हिरवी प्रवाळफुलं,
दिवा लागला की उघडणारी.

एका गुरुवारी नळीतलं पिवळं पाणी हिरवं झालं.
मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले.
मोठ्या दगडामागे एक गोगलगाय मेलेली,
केवढी? वाटाण्याएवढी.
तीन रात्री दहा-दहा लिटर बदललं.
ऑफिसात जांभया दिल्या, कारण सांगितलं नाही.

मग एकदा, उगाच,
घरचं पाणी नमुना म्हणून लावलं.
ठिकाणाच्या रकान्यात नुसती रेघ.
ॲग्नेलोनं आकडा बघितला, भुवई उडवली.
"मॅडम, मशीन बिघडलंय."
आणि खरंच, अर्धा दिवस
तो ते यंत्र दुरुस्त करत बसला.
मी त्याला चहा आणून दिला.

परवा धुरपदाबाई आत आली, आधी पाय पुसून.
टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"खारट हाय बरोबर. पण वास नाय."
तिला फेसाचा पेला काढून दाखवला.
डाळीला उकळी आल्यावर वरचा फेस काढतो ना,
तसं ते यंत्र रात्रंदिवस बुडबुडे सोडून
पाण्यातलं नको ते वर काढत असतं,
चहाच्या चोथ्यासारखं, तपकिरी, दाट.
तिनं नाकाजवळ नेला. पदर नाकाला लावला नाही.
"हां," म्हणाली, "ह्यो आमचा."

ती गेल्यावर मी पेला मोरीत ओतला,
वर तांब्याभर पाणी.
मोरीचं गटारात, गटाराचं नाल्यात,
नाल्याचं कुठं, ते मला तोंडपाठ.
पुढचा नमुना मंगळवारी.
लेबलं लिहून ठेवलीत.